कुत्रा औषध नाही आणि मूलही नाही

जानेवारी २०२२मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका जाहीर भाषणात एक खंत बोलून दाखवली. अनेक जोडप्यांना मूल नको असतं, फार तर एक हवं असतं, पण घरात दोन कुत्री आणि दोन मांजरं असतात. प्राण्यांनी मुलांची जागा घेतली आहे आणि हा एक प्रकारचा स्वार्थच आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर जगभर वादंग माजलं, आणि अजूनही कुत्रा पाळण्याचा विषय निघाला की गाडी त्याच दोन चाकोऱ्यांत जाऊन अडकते. एक बाजू म्हणते, माणसांना द्यायची माया जनावरावर उधळणं ही चैन आहे, नाहीतर पळवाट. दुसरी बाजू उसळून म्हणते, माणसांपेक्षा कुत्री शतपटीने बरी. ती दगा देत नाहीत, बिनशर्त प्रेम करतात, शिवाय त्यांच्यामुळे रक्तदाब उतरतो आणि आयुष्य वाढतं. मी अकरा वर्षं एका कुत्र्यासोबत राहते आहे, तरी कुत्र्यांची बाजू घेणारे वकील मला त्यांच्या विरोधकांइतकेच अस्वस्थ करतात. कारण दोघांपैकी कुणीच कुत्र्याकडे बघत नाही. एकाला त्याच्या जागी न जन्मलेलं मूल दिसतं, दुसऱ्याला गोळ्यांची बाटली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कुत्रा पाळण्यातलं सुख खरं आहे आणि मोठं आहे, पण ते रोजच्या कामाच्या पोटात असतं. त्याला फिरवून आणणं, पाण्याचं भांडं घासून भरणं, कानामागची गोचीड काढणं, पावसाने भिजलेले पाय पुसणं, या कटकटींतून वेळ काढून कुत्र्याचं सुख घ्यायचं असतं असं नाही. या कटकटींतच ते असतं. त्या काढून घ्या, सुखही निघून जातं. म्हणून जे या सुखाला फुकटचं प्रेम म्हणून मिरवतात ते चुकतात, आणि जे त्याला रिकामटेकड्यांची चैन म्हणून हिणवतात तेही चुकतात.

मुलाच्या जागी कुत्रा हा आरोप मुळात नवा नाही. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी प्लूटार्क या ग्रीक चरित्रकाराने एक हकिकत लिहून ठेवली. रोममध्ये काही श्रीमंत परदेशी माणसं कुत्र्यांची आणि माकडांची पिल्लं छातीशी धरून कुरवाळत चालली होती. ते पाहून सीझरने विचारलं, तुमच्या देशातल्या बायकांना मुलं होत नाहीत का? म्हणजे आज आपण ज्याला आधुनिक काळाची विकृती म्हणतो, तिच्यावर रोमच्या रस्त्यातही हेच बोट रोखलं गेलं होतं. प्लूटार्कने ही गोष्ट पेरिक्लीस या अथेन्सच्या थोर नेत्याच्या चरित्राच्या अगदी सुरुवातीला घातली आहे. आता त्याच प्लूटार्कने दुसऱ्या एका चरित्रात सांगितलेलं पाहा. इसवी सनापूर्वी ४८०मध्ये इराणी फौज चालून आली तेव्हा अथेन्सच्या लोकांनी शहर रिकामं केलं आणि ते नावांतून सॅलमिस बेटाकडे निघाले. पाळलेली जनावरं मागे राहिली, किनाऱ्यावर धावत आक्रोश करू लागली. त्यांतल्या एका कुत्र्याला ताटातूट सोसवेना. त्याने पाण्यात उडी घेतली, मालकाच्या जहाजाच्या कडेने तो पोहत राहिला, बेटापर्यंत पोचला आणि किनाऱ्याला लागताच दमून मेला. त्या कुत्र्याचा मालक होता झँथिपस, म्हणजे पेरिक्लीसचा बाप. ज्याच्या मुलाचं चरित्र सीझरच्या टोमण्याने सुरू होतं, त्याच्याच घरात असा कुत्रा होता. कुत्र्यावर जीव लावला म्हणून मुलाच्या वाट्याचं काय कमी झालं? माया म्हणजे रांजणातलं पाणी नव्हे, की एकाला पेलाभर दिलं तर दुसऱ्याला तेवढं कमी पडावं. ती वापराने आटत नाही. ज्या घरात लहान मूल आणि कुत्रा एकत्र वाढले आहेत, त्या घरातल्या कुणालाही विचारा.

पोपच्या बोलण्यातली चिंता मी पूर्णपणे झटकून टाकत नाही. कुत्र्याला मूल म्हणून वागवणारी माणसं आहेत, आणि त्यात नुकसान सर्वांत आधी कुत्र्याचंच होतं. त्याला कपडे चढवले जातात, जमिनीवर पाय टेकू दिले जात नाहीत, दुसऱ्या कुत्र्याशी भेट होऊ दिली जात नाही, वास घेत रेंगाळू दिलं जात नाही. ज्या जनावराचं अर्धं जग नाकात आहे त्याला कडेवर घेऊन फिरवणं म्हणजे एखाद्याला डोळ्यांवर पट्टी बांधून प्रदर्शन दाखवायला नेणं. पण यावर उपाय कुत्रा न पाळणं हा आहे की कुत्र्याला कुत्रा म्हणून पाळणं?

आता जवळून बघू. आमच्या भुऱ्याचा दिवस गजराच्या आधी सुरू होतो. पावणेसहाच्या सुमारास अंधारात फरशीवर नखांचा टकटक आवाज येतो. तो पलंगापाशी येतो, भुंकत नाही, चाटत नाही, नुसती हनुवटी गादीच्या कडेवर टेकवतो आणि एक लांब श्वास सोडतो. तो कोमट, थोडा कुबट वारा माझ्या मनगटाला लागतो. मी जागी झाले आहे हे त्याला मी डोळे उघडण्याआधी कळतं, कारण शेपटी कपाटाच्या दारावर आपटायला लागते. दाराजवळ खुंटीवर दोरी असते. तिची कडी वाजली की तो आळस देतो, आणि तो आळस मी अकरा वर्षं बघत आले तरी बघायचा राहिला तर मला चुकल्यासारखं वाटतं. पुढचे पाय लांब ताणून छाती जमिनीला लावायची, मग पुढे सरकत एकेक मागचा पाय मागे सोडायचा, जांभईचा बारीक सूर काढायचा, आणि शेवटी कानांपासून शेपटीच्या टोकापर्यंत अंग झाडायचं. बाहेर पहिल्याच झाडाच्या बुंध्याशी तो थबकतो. नाकपुड्या भराभर हलतात, मग एकदम थांबतात, मग पुन्हा त्याच जागी, दोन बोटं खाली. रात्री तिथून कोण गेलं, कुठल्या दिशेने गेलं, हे त्याला समजत असतं. मी शेजारी उभी असते, हातात दोरी आणि दुसरं काही करण्याजोगं नाही. दिवसभरात मी निवांत उभी असते ती एवढीच वेळ.

यात चमत्कार काही नाही. पण मोजून बघितलं तर या वीस मिनिटांत काय काय झालं? मला कुणीतरी उठवलं आणि उठल्याचा आनंद मानला. घराबाहेर पडावं लागलं. ज्या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षं फोनमध्ये डोळे घालून गेले असते, त्या रस्त्यावर कुठल्या झाडाला पालवी फुटली हे मला दिसलं. माझ्या इच्छेला, मूडला, रात्रीच्या झोपेला न विचारता दिवस सुरू झाला. माणूस एकटा असो की भरल्या घरातला, आपल्या मनाच्या लहरीवर दिवस सोडून दिला की काय होतं ते ज्याचं त्याला माहीत असतं.

इथे आरोग्याचा मुद्दा येतो, आणि तिथे मला आपल्याच बाजूच्या लोकांना थांबवावंसं वाटतं. २०१७मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी ४० ते ८० वर्षं वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. तिथे प्रत्येक कुत्र्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे कुणाकडे कुत्रा आहे आणि कुणाकडे नाही हे नेमकं कळत होतं. बारा वर्षांपर्यंतच्या या नोंदींत असं दिसलं की एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्या मृत्यूची जोखीम कुत्रा नसलेल्या एकट्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होती. हा आकडा वादात हमखास फेकला जातो. पण त्याच संशोधकांनी बजावलेलं आहे की यातून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही. कदाचित जी माणसं मुळात धडधाकट आणि हिंडतीफिरती असतात तीच कुत्रा आणतात. ज्याला जिना उतरवत नाही तो कशाला आणेल? विरोधकांचा हा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याला उत्तर शोधत बसण्याची मला गरजही वाटत नाही. मित्राकडे गेल्याने रक्तदाब कमी होतो असं उद्या सिद्ध झालं नाही, तर आपण मित्राकडे जायचं सोडणार का? जे मुळातच चांगलं आहे ते आधी औषध म्हणून सिद्ध करावं लागावं, ही आपल्या काळाची एक खोड आहे. वाचनाने स्मृतिभ्रंश लांबतो, गाण्याने ताण उतरतो, बागकामाने झोप येते. प्रत्येक सुखाला वैद्यकीय दाखला जोडल्याशिवाय आपल्याला ते घ्यायची लाज वाटते. कुत्र्याचं समर्थन असं करण्यात धोकाही आहे. औषध म्हणून आणलेला कुत्रा गुण देईनासा झाला की त्याचं काय करायचं? ज्या माणसाची उदासी कुत्रा आणूनही गेली नाही, त्याने तो परत करायचा?

विरोधकांचा याहून धारदार मुद्दा वेगळा आहे. ते म्हणतात, तुम्हाला जे प्रेम दिसतं ते तुमच्या मनाचे खेळ आहेत. कुत्र्याला फक्त खायला हवं असतं. आपल्या भाषेनेही हेच शिकवलंय. लाळघोटेपणाला शेपूट हलवणं म्हणतो, लाचाराला तुकड्यासाठी दारात बसणारा कुत्रा म्हणतो. आणि या मुद्द्याच्या बाजूने पुरावाही आहे, तो लपवू नये. २००९मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने एक साधा प्रयोग केला. मालकांनी कुत्र्यासमोर खाऊ ठेवून खायला मनाई करायची आणि बाहेर जायचं. परत आल्यावर त्यांना कुत्र्याने खाल्लं की नाही ते सांगितलं जाई, कधी खरं, कधी खोटं. कान पाडून, नजर चुकवून बसलेला तो 'अपराधी' चेहरा कुत्र्याने खरंच चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हताच. तो मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता, आणि काहीही न खाल्लेल्या पण विनाकारण रागावल्या गेलेल्या कुत्र्यांमध्ये तो जास्त ठळक होता. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती भीती, किंवा समजूत काढण्याची धडपड असते. २०१९मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. कुत्र्यांच्या डोळ्यांवर भुवई आतून वर उचलणारा एक स्नायू चांगला विकसित झालेला असतो, लांडग्यांमध्ये तो तसा आढळत नाही. ती भुवई वर गेली की डोळे मोठे, बाळासारखे, थोडे दुःखी दिसतात आणि माणूस विरघळतो. हजारो वर्षं माणसांनी अशाच चेहऱ्याच्या पिल्लांना जवळ केलं असणार, त्यातून हा स्नायू टिकला असणार. तर मग आपण फसवले जातोय का?

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. एखाद्या भावनेला इतिहास आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. तान्ह्या बाळाचे गोबरे गाल आणि मोठे डोळेही आपल्याला विरघळवण्यासाठीच तसे घडले आहेत, आणि बाळाची पहिली ओढ दुधाच्या वाटेनेच आईशी जोडली जाते. म्हणून आई फसते, आणि बाळ दुधापुरतंच लबाड असतं, असं कुणी म्हणतं का? भूक आणि जिव्हाळा यांच्यात भिंत उभी करणं हीच मूळ चूक आहे. २०१५मध्ये जपानमधल्या संशोधकांना आढळलं की जे कुत्रे आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ बघत राहिले, त्या दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढलं. आई आणि बाळाच्या बंधाशी जोडलं जाणारं हेच संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं घडलं नाही. मी या एका प्रयोगावर सारा डोलारा उभा करणार नाही, पण निदान एवढं तरी कळतं की ही ओढ एकतर्फी नाही.

हाचिकोची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. टोकियोतले प्राध्यापक उएनो १९२५मध्ये अचानक वारले, आणि त्यांचा कुत्रा १९३५मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, शिबुया स्थानकावर येत राहिला. भक्त म्हणतात, काय ही निष्ठा. संशयी म्हणतात, कसली निष्ठा, स्थानकाजवळचे विक्रेते त्याला मांसाचे तुकडे देत होते. मेल्यावर त्याच्या पोटात मांस भाजायच्या काड्या सापडल्या. हे खरं आहे, सापडल्या होत्या. पण हा वाद मला फार केविलवाणा वाटतो. ज्या ठिकाणी आपलं माणूस भेटायचं, जिथे ओळखीचे लोक हाक मारतात, जिथे चार घास मिळतात, त्या ठिकाणी रोज जाणं यातलं खाणं किती आणि आठवण किती हे आपण माणसांच्या बाबतीत तरी वेगळं काढू शकतो का? आजोळी गेलेलं नातवंड आजीसाठी जातं की तिच्या हातच्या खाण्यासाठी, हा प्रश्न विचारणाऱ्याकडे आपण कसं बघू?

'बिनशर्त प्रेम' हा शब्द मात्र मी सोडून द्यायला तयार आहे, आणि कुत्र्यांच्या चाहत्यांनीही तो सोडावा. कुत्र्याच्या प्रेमाला शर्ती असतात. त्याला वेळ हवा असतो, ठरलेला आणि रोजचा. आज मारून उद्या कुरवाळणारा हात त्याला समजत नाही. तो भित्रा होतो, नाहीतर चावरा. दिवसभर कोंडून ठेवलेला कुत्रा दार ओरबाडतो, चपला फाडतो, पायांचे केस चाटून चाटून घालवतो. त्याच्या ओढीवर विसंबून तुम्ही त्याला विसरू शकत नाही. पण त्या शर्ती कोणत्या आहेत ते बघा. तुमचा पगार किती, हुद्दा कोणता, तुम्ही दिसता कसे, गेल्या वर्षी तुमचं काय बुडालं, कुठल्या परीक्षेत तुम्ही नापास झालात, यातलं त्याला काही नको. त्याला हवं ते एवढंच की तुम्ही रोज या, शांत आवाजात बोला, ठरल्या वेळी बाहेर न्या. राजालाही या शर्ती पाळाव्या लागतात आणि रस्त्याकडेला झोपणाऱ्यालाही त्या पाळता येतात. म्हणूनच फुटपाथवर निजलेल्या माणसाच्या कुशीत कुत्रं बिनघोर झोपलेलं दिसतं. ज्या जगात बहुतेक माणसांना आपण कुठे ना कुठे कमी पडतोय असं सतत सांगितलं जातं, तिथे दिवसातून दोनदा तरी पुऱ्या करता येतील अशा मागण्या समोर येणं, आणि त्या पुऱ्या केल्यावर समोरच्याला खरंखुरं समाधान होताना दिसणं, हा दिलासा लहान नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. सगळे हळू आवाजात बोलत होते, मला कशालाही हात लावू देत नव्हते. तू बस, आम्ही बघतो. सहा वाजता भुऱ्या माणसांच्या पायांमधून वाट काढत आला आणि खुंटीखाली जाऊन बसला. एकदा दोरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मामा म्हणाले, मी नेतो त्याला. पण मी उठले. त्या सकाळी घरातल्या वीस माणसांपैकी माझ्याकडून काही हवं असणारा तो एकटाच होता. बाहेर तो नेहमीच्या झाडाशी नेहमीइतकाच वेळ थांबला. माझं सांत्वन वगैरे त्याने केलं नाही, आणि तो तसं काही करत होता असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. जग चालू आहे एवढंच त्याच्यासोबत चालताना कळत होतं, आणि त्यात माझ्या वाटणीचं एक काम शिल्लक होतं.

पण त्याच वीस माणसांवाचून माझे पुढचे महिने निभले नसते, हेही तितकंच खरं आहे. म्हणून 'माणसांपेक्षा कुत्री बरी' हे वाक्य ऐकलं की माझं मन खट्टू होतं. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक म्हातारपणी माणसांना विटला होता. आपल्या लाडक्या कुत्र्यांशेजारी, सान्सूसी राजवाड्याच्या बागेतल्या उंचवट्यावर, आपल्याला पुरावं अशी त्याची इच्छा होती. तो १७८६मध्ये वारला आणि ही इच्छा पुरी व्हायला १९९१ साल उजाडलं. मला त्या राजाच्या कुत्र्यांवरच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण त्या एकटेपणाचा हेवाही वाटत नाही. आपल्याकडची युधिष्ठिराची कथा मला अधिक शहाणी वाटते. स्वर्गाच्या दारात इंद्र त्याला कुत्रा सोडून रथात चढ म्हणतो, आणि तो नकार देतो. ही अर्धी गोष्ट सगळे सांगतात. पुढची अर्धी अशी, की स्वर्गात पोचल्यावर भाऊ दिसत नाहीत तेव्हा तो म्हणतो, ते जिथे असतील तिथे मला न्या, मग तो नरक का असेना. कुत्र्याला न सोडणारा माणूस भावांनाही सोडत नाही. कुत्रा माणसापेक्षा श्रेष्ठ आहे असं तो कुठेही म्हणत नाही. जो विश्वासाने मागे आला त्याला टाकणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. आणि प्रत्यक्षातही कुत्रा माणसांपासून तोडतो की जोडतो? आमच्या रस्त्यावर ज्यांची नावं मला ठाऊक आहेत त्यांतले निम्मे लोक मला भुऱ्यामुळे भेटले. अनोळखी माणसाशी विनाकारण बोलणं आपल्याला जड जातं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा असला की कारण आयतं मिळतं.

यापुढचे आक्षेप असे आहेत की त्यांना मी उत्तर देत नाही, ते मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं मरतात आणि माणसाला होणारा हा रोग जवळजवळ ९९ टक्के वेळा कुत्र्याकडून येतो. पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५मध्ये एका लहान मुलाला रेबीजची लस टोचली होती. इतक्या वर्षांनंतरही लस चुकवणारा मालक स्वतःच्या सुखाची किंमत दुसऱ्याच्या मुलाकडून वसूल करतो. ज्या शेजाऱ्याला कुत्र्याची भीती वाटते त्याला 'काही करत नाही हो तो' असं सांगणं उर्मटपणा आहे. आमच्या जिन्यात एक बाई आहेत. भुऱ्या दिसला की त्या भिंतीला चिकटतात. लहानपणी त्यांना कुत्रं चावलं होतं. मी अकरा वर्षं त्यांना आधी जाऊ देते आणि दोरी आखूड धरते. त्यांची भीती घालवणं हे माझं काम नाही, ती वाढू न देणं आहे. चपट्या तोंडाच्या जातींचं तर मला बोलवतही नाही. पग आणि बुलडॉग आपल्याला गोड दिसावेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं नाक इतकं आत दाबत नेलं, की त्यांतल्या अनेकांना धड श्वास घेता येत नाही. त्यांचं ते घोरणं म्हणजे धाप असते. कुत्र्यापासून मिळणाऱ्या सुखाचं समर्थन करणाऱ्याने, ते कुत्र्याच्या श्वासाच्या किमतीवर मिळत असेल तर, तिथेच थांबलं पाहिजे.

या सगळ्या दोषांचं मूळ मला एकच दिसतं: सुख हवं, काम नको. लस टोचणं, दोरी आखूड धरणं, विष्ठा उचलणं, धडधाकट पिल्लू शोधणं, हे काम आहे. पण ते टाळून कुत्रा पाळणारे लोक पाहून कुत्रा पाळणंच चूक ठरवणं म्हणजे वाईट आईबापांकडे बोट दाखवून मुलं होणंच चूक ठरवण्यासारखं आहे, आणि पोप फ्रान्सिसना तरी हा युक्तिवाद पटला नसता.

चैनीचा आरोप राहिला. रिकामपण आणि पैसा आला की माणूस जनावरं कुरवाळायला लागतो, असं तो म्हणतो. १९१४मध्ये जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे खाणीतल्या कामगारांना एक थडगं सापडलं. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. त्यात एक पुरुष होता, एक बाई होती आणि एक कुत्रा. बऱ्याच वर्षांनी त्या कुत्र्याचे दात बारकाईने तपासले तेव्हा कळलं की ते सातेक महिन्यांचं पिल्लू होतं, आणि त्याला पाचव्या महिन्याच्या सुमारास डिस्टेंपर झालेला असणार. तो फार वाईट रोग आहे. ताप, उलट्या, जुलाब, शेवटी झटके. उपचाराशिवाय पिल्लू आठवड्या-तीन आठवड्यांत जातं. हे पिल्लू मात्र कित्येक आठवडे जगलं. म्हणजे कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, घाण पुसली. हे करणारे लोक शिकारीवर जगणारे, थंडीत राहणारे, शेती किंवा धान्याची कोठी न पाहिलेले होते. आजारी पिल्लू शिकारीला निरुपयोगी, राखणीला निरुपयोगी. ते बरं होईल याची खात्री नव्हती. चैन म्हणायची तर यांच्याकडे चैनीला काय होतं? त्यांनी ते पिल्लू का सांभाळलं हे आपल्याला कुणी सांगू शकत नाही. पण ज्याने रात्री दोन वाजता आजारी कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजलंय, त्याला ती ओली लव आणि तो तापलेला कान हाताला आठवेल. माणूस सुरक्षित झाला आणि मग त्याला कुत्र्याची माया सुचली, असा क्रमच नाही. शेतीच्या आधीपासून ही जोडी आहे.

शेवटचा प्रश्न लोक मला दबक्या आवाजात विचारतात, आणि तो वादासाठी विचारलेला नसतो. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. तुझ्या डोळ्यांदेखत म्हातारा होऊन जाणार, हे ठाऊक असताना कशाला जीव लावायचा? याला माझ्याकडे खंडन नाही. भुऱ्याच्या डोळ्यांत आता निळसर झाक आली आहे आणि त्याला कमी ऐकू येतं. मी घरी आले की आधी उंबऱ्यावर पाय जरा जोरात आपटते, म्हणजे फरशीतून त्याला हादरा कळतो आणि तो दचकत नाही. पूर्वी आम्ही मैदानाला वळसा घालून यायचो. आता तिसऱ्या खांबापर्यंत जातो, तिथे तो उभा राहतो, थोडा वेळ वाऱ्याकडे नाक करतो आणि स्वतःच वळतो. फिरण्याची वेळ तीच राहिली, अंतर कमी झालं. पहिल्या झाडाशी मात्र तो आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतो, आणि मी दोरी ओढत नाही.